एक सेंटिमीटर

कप उचलताना ऋतुजाची तर्जनी कपाला लागत नव्हती. उजव्या हातात पाकीट होतं म्हणून तिनं कप डाव्या हातानं धरला होता. तीन बोटं कपाच्या कानात, अंगठा वर, आणि तर्जनी मोकळी, सरळ, बाकीच्या बोटांपासून सेंटिमीटरभर वर. तिनं कप बशीत ठेवला, पुन्हा उचलला. बोट पुन्हा तितकंच वर. तिसऱ्यांदाही तसंच झालं तेव्हा मी माझा कप खाली ठेवला.

“तंतोतंत आई!” मंदा म्हणाली. “निरे, हनुवटी पाह्य हिची. छायाचीच हनुवटी.”

मी हनुवटी पाहत नव्हते. मंदाची नजर हनुवटीवरून खाली कपापर्यंत आली, तिथं थांबली, आणि तिनं चिवड्याची बशी एकदम पुढे सरकवली.

“घे वं पोरी. कच्चा चिवडा आहे, कांदा आत्ताच घातला. नरम पडला की मजा जाते.”

ही नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीतला रविवार, दुपारी तीनचा सुमार, अमरावतीतलं मंदाचं घर. मी अकोल्याहून सकाळच्या गाडीनं आले होते. छाया तसरे जाऊन दोन महिने झाले होते. ज्या शाळेत तिनं एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर मुलींना खेळ शिकवला, त्या शाळेनं मैदानाला तिचं नाव द्यायचं ठरवलं होतं. पुढच्या रविवारी कार्यक्रम होता आणि त्यानिमित्त बत्तीस पानांची स्मरणिका निघायची होती. ऋतुजा छायाची एकुलती एक मुलगी. मंदानं आणि मी छायाला तरुणपणापासून पाहिलेलं, म्हणून ‘आम्ही पाहिलेली छाया’ असा लेख तिनं आमच्याकडे मागितला होता. मी भौतिकशास्त्र शिकवते. मला लेख लिहिता येत नाही. मी माझी वही आणली होती.

ती वही म्हणजे बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाची प्रॅक्टिकलची जर्नल. डावीकडे आलेखाचा कागद, उजवीकडे रेघांचा. पहिल्या अकरा पानांवर लंबकाचे आणि भिंगांचे प्रयोग आहेत. बाराव्या पानापासून छाया आहे.

“प्रत्येक चेंडू?” ऋतुजानं पानं उलटत विचारलं.

“मी पाहिलेला प्रत्येक.”

“अन् पाहिला नाही असा एकही नाही,” मंदा म्हणाली. “ताप आला तरी ही ग्राउंडवर. हिच्या आईला वाटे, पोरगी कोणा मुलाच्या नादी लागली. एक दिवस मागं मागं आल्या बिचाऱ्या. पाहतात तं काय, पोरगी कडुनिंबाखाली बसून पोरीचेच चेंडू मोजून राहिली.”

ऋतुजा हसली. मीही हसले.

सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी साल. आमच्या गावात सॉफ्टबॉल होता आणि तो मुलीही खेळत. बाहेरच्यांना याचं नवल वाटे, आम्हाला नाही. चेंडू खालून, हात पूर्ण गोल फिरवून टाकायचा. टाकणारी ती पिचर. बहुतेक पिचरांना दोन प्रकार यायचे, चांगलीला तीन. छायाला पाच यायचे. मंदानं त्यांना नावं ठेवली होती.

“सांग ना मावशी, नावं सांग. हेच हवंय मला,” ऋतुजानं पेन उघडलं.

“मेलगाडीसारखा सरळ सणसणीत यायचा तो मेल. बॅटजवळ येऊन खाली बुडायचा ती विहीर. वर उठायचा तो पतंग. बाहेर वळायचा त्याला आम्ही राजकमल म्हणायचो, त्या चौकात वळणं फार ना, म्हणून. अन् पाचवी सासूरवाशीण.”

“सासूरवाशीण?”

“हात तसाच जोरात फिरायचा, वाटायचं आता मेल येते. पण चेंडू हातातून सुटला की पाय ओढत ओढत यायचा. सासरी निघालेल्या पोरीसारखा. बॅटवाली आधीच बॅट फिरवून बसे, चेंडू मागून निवांत येई. पोट धरून हसायचो आम्ही.”

“चेंजअप,” मी म्हणाले. “खेळातलं नाव चेंजअप.”

“खेळातलं नाव तू सांग, घरचं मी सांगते.”

आणि नुसती पिचर नव्हती छाया. पिचिंग नसेल तेव्हा दुसऱ्या नि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहायची, तिथून एकही चेंडू मागे जायचा नाही. बॅट डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी फिरवायची. एकदा आमच्या कॅचरला घोट्याला लागलं तर दोन इनिंग तोंडाला जाळी बांधून कॅचर झाली.

“पंच तेवढी व्हायची राहिली,” मंदा म्हणाली, “ते पण झाली असती, पण शिट्टी हिच्या बापानं घेऊन दिली नाही.”

ऋतुजा भराभर लिहीत होती. मग तिनं पेन ठेवलं आणि इतका वेळ उजव्या हाताशी असलेलं पाकीट मधल्या टेबलावर रिकामं केलं.

एक जुना ग्रूप फोटो. पंधरा मुली, मागे उभ्या, पुढे गुडघ्यावर. अंतिम सामन्याच्या दोन दिवस आधी काढलेला. पुढच्या रांगेत डावीकडून दुसऱ्या जागी मुलगी नव्हती, कात्रीनं कापलेली खिडकी होती. त्या खिडकीतून मंदाच्या टेबलावरचं प्लॅस्टिक दिसत होतं.

“हे आईनंच कापलेलं, मी लहानपणापासून असंच बघत आलेय,” ऋतुजा म्हणाली. “आणि हे परवा सापडलं. आईच्या कपाटात, साड्यांखाली, वेगळ्या लिफाफ्यात.”

तिनं तळहात उघडला. त्यावर चार सेंटिमीटर उंचीचा तुकडा होता. गुडघ्याला कॅचरचे पॅड बांधलेली, डोळे बारीक करून उन्हाकडे पाहणारी मुलगी. सुमन कासदेकर.

“फेकलं नव्हतं तिनं,” ऋतुजा म्हणाली. “कापलं, पण फेकलं नाही. आता मला कळत नाही. स्मरणिकेच्या मधल्या पानावर हा फोटो जायचाय. हा तुकडा चिकटवून छापू की तसाच? प्रेसवाल्याला आज संध्याकाळी सहापर्यंत पाहिजे. चिकटवला तर सुमनमावशींना कार्यक्रमालाही बोलवावं लागेल. त्या आईच्या वेळी आल्या होत्या. घरात आल्या नाहीत, फाटकाबाहेर उभ्या होत्या. मी पाणी घेऊन गेले तर एवढंच विचारलं, तुझी आई माझ्याबद्दल काही बोलली का? मी नाही म्हणाले. मग त्यांनी धारणीची बस किती वाजता आहे विचारलं.”

“कापलेलं चिकटवू नये बेटा,” मंदा म्हणाली. “तुझ्या आईनं कापलं ना? तिची इच्छा.”

“पण झालं काय होतं नक्की? आई कधी बोलली नाही. बाबा म्हणायचे, कॅचरनं खुणा विकल्या.”

मंदा माझ्याकडे पाहून म्हणाली, “निरू सांगेल. तिच्या वहीत आहे.”

वहीत होतं. मी पान काढलं.

फेब्रुवारी अठ्ठ्याऐंशी, राज्य स्पर्धेचा अंतिम सामना, समोर नागपूरच्या मुली. मांडवात खेळाडूंच्या कोट्यातली निवड करायला रेल्वेची दोन माणसं आली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. छायाच्या घरी तिच्या मागे दोन भाऊ शिकायचे होते आणि वडिलांचं पानाचं दुकान होतं. तिला ती नोकरी लागणार, याबद्दल आमच्या मनात शंका नव्हती. ते फक्त जाहीर व्हायचं राहिलं होतं.

पिचर आणि कॅचर यांच्यात खुणा असतात. कॅचर उकिडवी बसते आणि मांड्यांच्या आडून बोटांनी सांगते, आता हा टाक. पिचर मान हलवते. म्हणजे पुढचा चेंडू कोणता हे जगात दोघींनाच माहीत असतं. त्या दिवशी छायानं मेल, विहीर, पतंग, राजकमल मिळून सत्तर चेंडू टाकले. नागपूरला त्यातले तीन मारता आले. चेंजअप टाकले अकरा. अकरातले आठ मारले गेले. त्याआधी अख्ख्या मोसमात मी एकशेबारा चेंजअप नोंदवले होते, त्यातले नऊ मारले गेले होते. त्यांची चौथी बॅटर तर चेंडू हातातून सुटायच्या आधीच मागचा पाय सरकवून तयार असायची. आम्ही पाच-एकनं हरलो. नोकरी नागपूरच्या त्या चौथ्या बॅटरला लागली.

“विद्या भोयर,” ऋतुजा म्हणाली. “हो, त्या येताहेत ना रविवारी. मंदामावशीच्या नणंद. प्रमुख पाहुण्या म्हणून त्यांचंच नाव छापलंय.”

मी मंदाकडे पाहिलं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

“मोठी अधिकारी झाली ती रेल्वेत,” मंदा म्हणाली. “तुझ्या आईविरुद्ध खेळलेली. दोन शब्द चांगलेच बोलेल.”

“मग पुढे काय झालं मावशी? मॅचनंतर?”

मॅचनंतर मुली कडुनिंबाखाली जमल्या. कोणी रडत होतं, कोणी बूट काढून फेकत होतं. छाया खोडाला टेकून बसली होती आणि उजव्या हाताची बोटं उघडझाप करून पाहत होती, जणू त्यांच्यात काही बिघडलंय. कॅप्टननं माझ्या हातातली जर्नल घेतली. तिला त्यातलं काही कळेना. तिनं मला विचारलं, “निरू, तूच सांग. चेंजअपच का मारले?”

मी आकडे वाचून दाखवले. म्हणाले, “आकड्यांवरून असं दिसतं की त्यांना आधी कळत होतं.”

“आधी कोणाला माहीत असतं?”

“छायाला,” मी म्हणाले. “आणि सुमनला.”

सगळ्या सुमनकडे वळल्या. ती मेळघाटातली, धारणीच्या पलीकडच्या गावची, आदिवासी वसतिगृहात राहणारी, कोरकू घरातली. त्या आठवड्यात तिच्या पायात नवे बूट आले होते. शिष्यवृत्ती आली होती म्हणून घेतले, असं ती म्हणाली. कोणी ऐकलं नाही. “बूट कोणी घेऊन दिले ते सांग,” असं कोणीतरी ओरडलं. सुमननं कोणाकडे पाहिलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

“निरूताई, तू तर सगळं लिहिते. मी खूण दिली असं तुझ्या वहीत लिहिलं आहे काय?”

“नाही,” मी म्हणाले. “वहीत फक्त चेंडू आहेत.”

मी हे म्हणाले, पण हळू म्हणाले. तोवर छाया उठली होती. ती सुमनजवळ गेली आणि म्हणाली, “माझा हात तुला पाठ होता सुमन. दुसऱ्या कोणाला नाही.” मग सायकल घेऊन निघून गेली. पुढच्या आठवड्यात सुमननं वसतिगृह सोडलं. परीक्षेलाही बसली नाही.

हे सगळं मी ऋतुजाला सांगितलं. यातला एकही शब्द खोटा नव्हता. अठ्ठावीस वर्षांपूर्वी कडुनिंबाखाली सांगितलेल्यातही एकही खोटा नव्हता.

तेवढ्यात ऋतुजाचा फोन वाजला. “प्रेसवाला,” ती म्हणाली आणि बाल्कनीत गेली. काचेचं दार तिनं मागे ओढून घेतलं. तिचा आवाज येईना, फक्त पाठ दिसत होती.

मंदा बशा गोळा करायला लागली.

“राहू दे,” मी म्हणाले. “बोट पाहिलंस ना तिचं?”

“कोणाचं बोट?”

“मंदे.”

तिनं बशा तशाच हातात धरल्या. मग बसली.

“पाहिलं,” ती म्हणाली. “कप उचलला तवाच पाहिलं. म्हणून तं चिवडा पुढे केला.”

छाया ग्लव्ह डाव्या हातात घालायची, आणि पुष्कळ खेळाडूंसारखी तर्जनी ग्लव्हच्या बाहेर, पाठीवर ठेवायची. चेंडू ग्लव्हच्या आत लपवून त्याच्यावर पकड घ्यायची असते, म्हणजे समोरचीला दिसू नये. चेंजअपसाठी चेंडू तळहातात खोल घ्यावा लागतो. त्याला आत जास्त जागा लागते, ग्लव्ह किंचित फाकतो, आणि बाहेरचं बोट उचललं जातं. सेंटिमीटरभर. मला हे सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात दिसलं. आधी वाटलं योगायोग असेल, म्हणून मोजायला लागले. शेहेचाळीस चेंजअपांपैकी त्रेचाळीसला बोट वर. इतर चेंडूंना एकदाही नाही. त्या वयात मी लावलेला तो एकमेव शोध होता, आणि अजूनही तोच आहे.

तो मी एकाच माणसाला सांगितला. कडुनिंबाखाली, मंदाला. “आता बघ, सासूरवाशीण येईल,” असं म्हणायचे आणि ती यायची. मंदा डोळे विस्फारायची. मी तिला शपथ घातली होती, कोणाला सांगायचं नाही.

“छायाले पण?” तिनं विचारलं होतं.

“छायाला तर मुळीच नाही.”

सांगितलं असतं तर एका दुपारीत छायानं ते बोट ग्लव्हच्या आत घातलं असतं आणि खूण संपली असती. पण मग मला आधी कळलं नसतं. अख्ख्या मैदानावर एक सेकंद आधी फक्त मला कळायचं. सुमनला खूण द्यावी लागायची. मला कोणी काही न सांगता कळायचं. ते मला सोडवत नव्हतं.

“कसं सांगितलंस विद्याला?” मी मंदाला विचारलं. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

तिनं बशा मांडीवर ठेवल्या. “तुला कवापासून माहीत आहे?”

“तुझी लग्नपत्रिका आली तेव्हापासून पक्कं. भोयर आडनाव वाचलं आणि वही काढली. चौथी बॅटर. पण खरं म्हणजे त्या दिवशी तिसऱ्या इनिंगलाच. बोट वर झालं की तिचा मागचा पाय सरकायचा. ही गोष्ट दोघींनाच माहीत होती. मी सांगितली नव्हती.”

“एकोणतीस एप्रिलले लग्न झालं माझं,” मंदा म्हणाली. “फेब्रुवारीत नुसतं बघणं झालं होतं. वीस दिवस निरोप नाही. बाबा रोज पोस्टमनची वाट पाहत. मॅचच्या आदल्या दिवशी विद्या घरी आली, टीमसोबत आली होती म्हणून. आईनं पोहे केले. अन् मला म्हणते कशी, वहिनी, तुमच्या गावची ती छाया म्हणजे डोक्याला ताप आहे, तिचा तो हळू चेंडू काही समजत नाही. वहिनी म्हणाली मला, निरे. पहिल्यांदा कोणी वहिनी म्हटलं. मला वाटलं झालं माझं लग्न. मी काय म्हटलं असेल? ‘तिच्या डाव्या बोटाकडे पाहत जा.’ पाच शब्द. एक मॅच जाईल असं वाटलं. नोकरी जाईल हे डोक्यातच आलं नाही. सुमनचं तं अजिबातच नाही.”

“नंतर तर आलं.”

“नंतर सांगून काय झालं असतं? हळद लागायच्या आधी घरी बसली असती मी.”

“आणि रविवारी विद्या स्टेजवर बसणार. छायाबद्दल चांगले दोन शब्द बोलायला.”

“तिला काय माहीत सुमनचं? ती खेळली अन् जिंकली. समोरचीचं बोट पाहणं चोरी नसते.”

“तिची नसेल.”

मंदा एकदम चिडली. आवाज मात्र दबका ठेवला, एक डोळा बाल्कनीवर. “मग कोणाची? माझी? मी एकदा बोलली निरे, वीस वर्षांची असताना, एका वाक्यात. तू? तू लग्नाला आली, पोराच्या बारशाला आली, दर दिवाळीत इथं बसून फराळ केला. एकदा तरी तोंड उघडलं काय? तिसऱ्या इनिंगला दिसलं म्हणते. चार इनिंग बाकी होत्या. छाया दहा पावलांवर पाणी पिऊन राहिली होती. तू का नाही उठली?”

खरं उत्तर मला माहीत होतं. मी ते स्वतःशी अनेकदा म्हटलं होतं, दुसऱ्या कोणाशी नाही.

“नोंद चुकली असती,” मी म्हणाले.

मंदानं माझ्या वहीकडे पाहिलं.

“मी लिहीत होते. उठले असते तर मधले चेंडू राहिले असते. आणि तिला सांगायचं म्हणजे नोव्हेंबरपासून माहीत होतं हेही सांगावं लागलं असतं. म्हणून लिहीत राहिले. एकही चेंडू चुकला नाही. पहा वहीत.”

“देवा,” मंदा म्हणाली.

“मग ठरवलं, परीक्षा झाली की सांगू. परीक्षा झाली, तर तुझं लग्न होतं. मग ठरवलं, तुझं बस्तान बसलं की. मग सुमनचा पत्ता नव्हता. मग छायाच्या घरी तिच्या नवऱ्याचं आजारपण. दर वेळी काहीतरी होतं. एकदा मी तिच्या शाळेच्या मैदानापर्यंत गेले होते. ती पोरींना पकड शिकवत होती. एकेकीचं बोट धरून ग्लव्हच्या आत घालत होती. एकीला म्हणाली, ‘बाहेर ठेवू नको, कोणीतरी पाहत असतं.’”

मंदाचा हात बशीवर थांबला. “म्हणजे तिला कळलं होतं?”

“तिला कधीतरी कळलं होतं. कोणी पाहिलं ते नाही कळलं. मी तशीच परत आले.”

“तरी तिनं सुमनचा तुकडा चिकटवला नाही.”

“फेकलाही नाही.”

बाल्कनीचं दार सरकलं. मंदानं पटकन माझ्या मनगटावर हात ठेवला. तिच्या हाताला चिवड्याचं तेल लागलेलं होतं.

“निरे,” ती पुटपुटली, “मी या घरात आजी आहे आता. माझी सून आतल्या खोलीत झोपली आहे. काय मिळणार तुला?”

ऋतुजा येऊन उभी राहिली. “तो म्हणतो सहाच्या पुढे एक मिनिट थांबणार नाही. छपाईला लावतो म्हणतो. सांगा लवकर. चिकटवू की नको?”

“नको,” मंदा म्हणाली.

ऋतुजानं टेबलावरचा तुकडा उचलला, त्या खिडकीवर धरून पाहिला. कडा नेमक्या जुळल्या. तिनं तो पुन्हा काढला आणि माझ्याकडे वळली.

“निरूमावशी, तुमच्या वहीत तर सगळं आहे. तुम्ही काय म्हणता?”

तिच्या हातात वही नव्हती, बाकी प्रश्न कडुनिंबाखाली कॅप्टननं विचारला होता तोच होता. मी मंदाच्या हाताखालून माझं मनगट काढून घेतलं.

“तुझ्याकडे सुमनचा नंबर आहे ना?”

“आहे. का?”

“लाव. आवाज मोठा ठेव, सगळ्यांना ऐकू येईल असा.”

“निरे,” मंदा म्हणाली.

ऋतुजानं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नंबर लावला. फोन टेबलावर फोटोच्या शेजारी ठेवला. बराच वेळ रिंग जात राहिली. मग कोंबड्यांचा आवाज आला, कोणीतरी त्यांना हाकललं, आणि एक बाई म्हणाली, “हॅलो? कोण बोलते?”

“मी निरुपमा. निरू.”

पलीकडे कोंबड्यांचा आवाज मागे पडला.

“वहीवाली?”

“हो. वहीवाली.” माझा आवाज नीट येत होता, मला वाटलं होतं येणार नाही. “सुमन, तू मला विचारलं होतंस, खूण दिली असं वहीत लिहिलंय काय. मी नाही म्हणाले, पण कोणाला ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हणाले. आता मोठ्यानं सांगते. तू काही केलं नव्हतंस. चेंजअपच्या वेळी छायाचं बोट वर व्हायचं. ते मी पाहिलं होतं, तिला सांगितलं नाही, आणि मंदाला सांगितलं. तिथून ते नागपूरकडे गेलं. मला त्याच दिवशी माहीत होतं. रविवारी मैदानावर कार्यक्रम आहे, विद्या असेल, मंदा असेल, सगळ्या असतील. मी हेच सगळ्यांसमोर सांगणार आहे. तू ये.”